सर्जेरावांची मान

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो तो इंदापूरच्या बाजारावर. उजव्या अंगाला दावी आणि चऱ्हाटं विकणारा बसलाय, डाव्या अंगाला मिरच्यांचे ढीग, आणि ऐन मध्यावर, जिथं चांगला नट दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाही तिथं, रावजी कल्पवाल्यांचं टेबल. टेबलावर लाल मखमलीचा तुकडा, त्यावर तांबूस बाटल्यांची रांग, मधोमध हातभर आरसा आणि आरशाच्या दोन बाजूंना दोन फोटो. डावीकडच्या फोटोत गालफडं बसलेला, सुरकुतलेला माणूस. खाली लिहिलेलं, ‘आधी’. उजवीकडे तेच नाक, पण गाल भरलेले आणि केसांचा कोंबडा काढलेला. खाली, ‘नंतर’. नाक सारखं असायला कारण होतं. ‘आधी’ हे रावजींचे थोरले बंधू, आणि ‘नंतर’ हे खुद्द रावजी. पण रावजींना खोटारडं म्हणता येणार नाही. थोरले बंधू खरोखरच आधी जन्मले होते.

बैलांचा बेंदूर तोंडावर आलेला, त्यामुळे दाव्यांना गिऱ्हाईक बरं होतं. त्या गर्दीत एक उंचापुरा माणूस बराच वेळ एकच दावं उलटंसुलटं करून बघत उभा होता. पटका फर्मास बांधलेला, मिशीला पीळ, आणि आषाढातल्या त्या कोरड्या उकाड्यात गळ्याभोवती पंचा गच्च गुंडाळलेला. हे सर्जेराव. कोऱ्हाळे बुद्रुकचे ऊसवाले. दावं त्यांना बारामतीतही मिळालं असतं. पण बारामतीच्या बाजारात दर दहा पावलांवर ‘राम राम सर्जेराव’ म्हणणारं कुणीतरी भेटणार. म्हणून ते बारामती मागं टाकून, यष्टी बदलून, इंदापूरला आले होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या आरशाकडं बघत होते.

सर्जेरावांना आयुष्यात दोन गोष्टी जमल्या: ऊस आणि राजपुत्र. उसाचं सगळ्यांनाच जमतं, पाटाला पाणी असलं म्हणजे झालं. राजपुत्राची गोष्ट वेगळी होती. कोऱ्हाळ्यात गणपतीत नाटक व्हायचं, आणि दरसाल तेच व्हायचं. सावत्र आईनं हाकललेला राजपुत्र रानावनातून परत येतो, कपटी प्रधानाला लोळवतो आणि राजकन्येच्या गळ्यात गळा घालून लावणीच्या चालीवरचं एक पद म्हणतो. सगळ्या गावाला सगळी भाषणं पाठ. नट अडखळला की पहिल्या रांगेतली म्हातारी पुढचा शब्द सांगायची.

सर्जेरावांच्या वडिलांनी एका चांगल्या सालात पुण्याहून रंगवलेला पडदा आणून गणपतीला वाहिला होता. त्यावर तळं होतं, तळ्यात हंस होते, आणि हंसांपेक्षा लहान असा हिमालय होता. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं, पडदा ज्या घराचा, राजपुत्र त्या घराचा. कुणाच्या घरी पालखीचा मान असतो, कुणाच्या घरी होळीचा; तसा या घरी राजपुत्राचा मान. सर्जेराव मिसरूड फुटायच्या आधी राजपुत्र झाले आणि पन्नाशीला टेकले तरी राजपुत्रच होते. मधल्या काळात इंग्रज गेला, स्वराज्य आलं, दारूबंदी आली. राजपुत्र गेला नाही.

आणि मग गेल्या साली लीलाबाई बोलली.

लीलाबाई ही बारामतीची. आसपासच्या दहा गावांत राजकन्या म्हणून तिला बोलावणं असायचं. तिचं वय कुणी विचारत नसे आणि ती सांगत नसे, हा तिचा आणि दहा गावांचा समजूतदारपणा. खेळाच्या शेवटी तिनं राजपुत्राच्या गळ्यात हात टाकायचे असतात. तिनं टाकले, जरा चाचपलं, आणि पुढच्या चार रांगांना ऐकू जाईल एवढ्या हलक्या आवाजात म्हणाली, “सर्जेराव, गळ्यात हात टाकू का गळा गोळा करून धरू?”

मांडव हसला. गॅसबत्तीला हवा मारणारा गडी हसला. सर्जेराव पद म्हणत राहिले, पण त्या पदाला चाल उरली नाही.

रंगाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्यांना ही गोष्ट ठाऊक असते. तोंड खोटं बोलतं, मान बोलत नाही. सफेदा फासा, पिवडी फासा, गालाला कुंकू लावा, पन्नाशीच्या तोंडाची पंचविशी होते. पण हनुवटीच्या खाली कोंबड्याच्या गळ्यासारखी कातडी लोंबायला लागली की तिथं रंगाचं काही चालत नाही. तालीममास्तर आप्पांनी तेच तोंडावर सांगितलं. आप्पा तरुणपणी नाटक कंपनीत पेटी वाजवत फिरलेले. आता गावात तालीम घेत आणि म्हाताऱ्या राजाचं काम स्वतः करत.

“तोंड मी रंगवतो, सर्जेराव. मानंला काय करू? रंग लावला तर सुरकुत्यांत बसतुया, न्हाय लावला तर मान येकाची नि तोंड दुसऱ्याचं दिसतंया. औंदा भीमाला उभा करून बघू.”

“मान आमच्या घराचा हाय, आप्पा.”

“मग भीमा काय शेजारच्या घराचा हाय?”

खरी मेख इथं होती. भीमा हा सर्जेरावांच्या धाकट्या भावाचा पोरगा. बावीस-तेवीसचा, कुस्तीच्या तालमीतला, पाण्याच्या घागरीसारखी घोटीव मान. घराण्याचा मान घराण्यातच राहणार होता. फक्त सर्जेरावांचा जाणार होता. गोकुळअष्टमीला ठरवू, असं आप्पा म्हणाले होते. तेवढ्या मुदतीत मानेचं काहीतरी करायचं, एवढ्यासाठी सर्जेराव इंदापूरच्या बाजारात दावं चिवडत उभे होते.

टेबलामागं रावजी वर्तमानपत्र उघडून खड्या आवाजात वाचत होते. वाचताना आपल्या पदरचे शब्द घालत होते, ते निराळं. “मद्रासेत लागली, मुंबईत आली, आता पुण्याच्या वाटंला लागलीया. डाक्टर लोक तिला फ्लू म्हनत्यात. म्हनू द्या. आपल्या म्हाताऱ्यांला इचारा. चाळीस वर्सांमागची मानमोडी हाय ती, मंडळी. परत आलीया.”

सर्जेरावांच्या हातातलं दावं खाली पडलं. त्या मानमोडीच्या साली ते दहा वर्षांचे होते. आई जात्यावर बसली होती, ओवी म्हणत होती. ओवी थांबली म्हणून त्यांनी वळून पाहिलं तर आईनं जात्याच्या खुंट्यावरच मान टाकलेली. तेवढं एक चित्र चाळीस वर्षांत कधी पुसट झालं नव्हतं. ते टेबलापाशी गेले.

“मानंवर काय हाय का तुमच्याकडं?”

रावजींनी गिऱ्हाईक न्याहाळलं. उकाड्यात गळा बांधलेला. भ्यालेलं आहे, असं त्यांनी ताडलं. “मानंचंच तर औषध इकतो, पाव्हनं. मान गेली म्हंजे मानसाचं उरलं काय?”

सर्जेराव आणखी एक पाऊल पुढं सरकले. इतकं मनातलं त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. “मंजी, राहील ना?”

“आमचं औषध पोटात गेल्याव कुनाची टाप हाय न्यायची?”

“न्यायला घरातलाच टपलाय.”

रावजी सावध झाले. “घरात शिरलीया व्हय?”

“शिरायचं काय? घरातच वाढलाय. भावाचा पोरगा हाय.”

पोराला ताप भरलाय, असं रावजींनी धरलं. “मग त्याला लांब ठिवा. त्याच्या जवळ बसायचं न्हाय, त्याच्याबरुबर खायाचं न्हाय. निम्मं काम तितंच.”

“आन् निम्मं?”

“निम्मं ह्या बाटलीत.” रावजींनी बाटली उचलली. चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘मानरक्षक’. दुसऱ्या बाटलीवर ‘कंबररक्षक’ होतं. दोन्हींतला रंग सारखाच.

हा वैद्य नाटकातलं राजकारणसुद्धा जाणतो, या विचारानं सर्जेराव भारावले. त्यांनी इकडंतिकडं बघून गळ्याचा पंचा सोडला. “आन् ह्या कातडीला?”

रावजींना आता कुठं उमगलं की एकाच मानेला दोन माल खपतात. त्यांनी टेबलाखालून पत्र्याची डबी काढली. कांतीकल्प. जुनी कातडी जाते, नवी येते. रोज जाड लेप द्यायचा, वर पट्टी करकचून बांधायची आणि लोकांपुढं मिरवायच्या दोन दिवस आधी सोडायची. पथ्य एकच. “मान हलवायची न्हाय. वाकवायची न्हाय, वळवायची न्हाय, डोलवायची न्हाय. मान हलली का सुरकुती पडली.”

दावं न घेताच सर्जेराव परतले.

घरी धोंडाबाईंनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीनं, दारातच वास घेतला. धोंडाबाईंची जीभ गावात विळ्यासारखी प्रसिद्ध होती. लेप लावून, पट्टी बांधून, हनुवटी आढ्याकडं करून बसलेल्या नवऱ्याभोवती त्या एक प्रदक्षिणा घालून आल्या.

“अवं, बैलाची मान जुवाखाली सोलपाटली का आसंच फासत्यात. वासबी तसलाच हाय. तुमास्नी तर येवढ्या वर्सांत कुनी जुवाला जुपलं न्हाय, मग मान सुजली कशानं?”

“तुला न्हाय कळायचं. कायाकल्प हाय ह्यो.”

“काया समदी सोडून मानंचाच कल्प कसा काय?” असं म्हणत त्यांनी मानरक्षकाचं बूच काढून हुंगलं आणि पदर नाकाला लावला. “ह्यो वास माज्या वळखीचा हाय. ओढ्याच्या काठाला दारूबंदीचं शिपाई हुंगत फिरत्यात, त्यो.”

दुसऱ्या दिवसापासून सर्जेरावांचं हिंडणंफिरणं बदललं. मान वळवायची नाही म्हणजे सगळं अंगच वळवावं लागे. मागून कुणी हाक मारली की ते नांगराच्या तासाला बैल वळावा तसे सावकाश, पूर्ण वळत. खाली बघायचं नाही, म्हणून समोरचा बुटका माणूस त्यांना दिसेना. गावाला वाटलं, उसाच्या पैशाची पट्टी भारी मिळाली, सर्जेरावांची मान ताठ झाली. मारुतीपुढं मान वाकवता येईना म्हणून ते थेट साष्टांग आडवे होत, आणि मग दोघांनी धरून त्यांना मुसळासारखं उभं करावं लागे. चार दिवसांत त्यांच्या भक्तीची ख्याती झाली.

आणि ती सभा. साखर कारखाना काढायचा म्हणून भागभांडवल गोळा करायला बारामतीकडून माणसं आली होती. वक्ता कंठशोष करत होता आणि लोक रिवाजाप्रमाणं शहाण्या माणसांच्या मानेकडं बघत होते. त्यांची डोलली की आपली डोलवायची. सर्जेराव पुढच्या रांगेत हनुवटी वर करून बसलेले. मान तसूभर हलेना. वक्त्यानं पाण्याची सोय सांगितली, बँकेचं कर्ज सांगितलं, मळीसुद्धा विकता येते हे सांगितलं. मान हलेना.

“सर्जेराव डोलंना,” मागून सावळाराम कुजबुजला. हा पान खाऊन दुसऱ्याच्या ओसरीवर दिवस काढणारा गृहस्थ. “त्यांला काय तरी आतलं ठावं हाय.”

एवढं पुरलं. कुणाचीच मान डोलेना. तासाभराची भाषणं वाया गेली आणि एका डबीभर लेपापायी सहकाराची सभा तहकूब झाली. वक्ता जाताना सर्जेरावांच्या पाया पडून, “अण्णा, आपली शंका तरी सांगा,” असं म्हणाला. सर्जेरावांना तो दिसला नाही. तो खाली होता.

श्रावण लागला आणि फ्लू खरोखरच आला. आधी वडगाव निंबाळकरला आला, मग कोऱ्हाळ्यात. अंग मोडून यायचं, डोकं फुटायचं, चार दिवस ताप आणि मग आठ दिवस पायांत जीव नाही. मरत कुणी नव्हतं, पण म्हाताऱ्यांनी मानमोडी म्हटल्यावर धास्तीनंच निम्मे आजारी पडले. सर्जेराव मात्र खणखणीत. त्यांनी गावाला मानरक्षकाची महती सांगितली, इंदापूरहून पेटीभर बाटल्या आणवल्या, आणि उदार मनानं रोज दिवेलागणीला ओसरीवर औषध वाटायला सुरुवात केली. मनातला हिशेब एवढाच, की औषध पाजणाऱ्याला गाव राजपुत्रपणातून काढणार नाही.

दारूबंदीच्या राज्यात औषधाला बंदी नव्हती. गावानं प्रकृतीची इतकी काळजी पूर्वी कधी घेतली नव्हती. जन्मात सुंठ न चाखलेले गडी दिवस मावळायची वाट बघू लागले. ओसरीवर खांद्याला खांदा भिडवून बसत आणि पूजेतली एक तांब्याची पळी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाई. नाक पुसावं, पळी घ्यावी, शेजाऱ्याच्या हाती द्यावी.

“सर्जेराव, माजं उजव्या अंगाचं रक्षान झालं,” सावळाराम म्हणायचा. “डावं अंग उगडंच राह्यलंय.”

“घे की मग.”

“मागनंबी वाईच गार लागतंय.”

भीमासुद्धा आला. चुलत्यांना तो तात्या म्हणे, आणि तात्यांनी हाक मारल्यावर नाही म्हणणं त्याच्या रीतीत नव्हतं. त्याला वास सोसत नव्हता, तरी मान मागं टाकून एक पळी घेतली आणि तात्यांच्या पाया पडून गेला. सर्जेरावांना मात्र मान मागं टाकता येत नव्हती. ते आपली मात्रा निराळ्या वाटीत घेऊन पपईच्या पोकळ देठानं ओढत, हनुवटी वर, डोळे आढ्याला.

आठवड्यात ओसरी रिकामी व्हायला लागली. आज हा निजला, उद्या तो. ज्यानं जास्त रक्षण करून घेतलं तो आधी निजला. भीमाही निजला, आणि सर्जेराव त्याला बघायला गेले ते रावजींनी सांगितल्याप्रमाणं उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

“तात्या,” भीमा तापात म्हणाला, “राजपुत्राचं भाषान पाठ केलंया. चुकतंय का बघा वाईच.”

“बोलू नगंस. घसा बसतुया. गप निजून ऱ्हा.”

एवढं ममतेनं सांगून ते निघाले, आणि परतीच्या वाटेवर त्यांच्या तोंडात ते शेवटचं पद कधी आलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पोराचं बरं व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. अष्टमीनंतर व्हावं, एवढंच.

धोंडाबाई दळण टिपत बसल्या होत्या. “येक इचारू का? जे तुमच्या पळीला आलं ते समदं आडवं झालं. आमा बायकांस्नी कुनी पळी दिली न्हाय, तर आमी उभ्या हाय.”

“मग मी कसा उभा?”

“तुमी वाटीत पिता.”

सर्जेराव हसले. बायकांना शास्त्र कळत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते मत त्यांनी आढ्याकडं बघत मांडलं.

अष्टमीला आप्पांपुढं इलाज उरला नाही. भीमा अंथरुणाला खिळलेला, प्रधान खोकतोय, उभा एकटा राजपुत्र. काम सर्जेरावांना मिळालं. भीमा पुढं सावरला, पण शब्द गेला तो गेला. त्याला भाला घेऊन मागं उभं राहायचं भालदाराचं काम दिलं. आणि सगळं जुळत आलं असताना आरोग्य खात्याचे साहेब जीपगाडीतून आले. बंद मांडवात रात्रीची गर्दी चालणार नाही म्हणाले. खेळ करायचा तर दिवसा, उघड्यावर, नाहीतर करूच नका. कोऱ्हाळ्याच्या नाटकानं आजवर सूर्य पाहिला नव्हता.

“दिवसा?” आप्पा म्हणाले. “दिवसा तर हिमालयाचं ठिगाळबी दिसंल, साहेब.”

“दिसू द्या,” साहेब म्हणाले. “आणि एका भांड्यातून पाणी पिऊ नका.”

सर्जेराव डगमगले नाहीत. खेळाच्या दोन दिवस आधी त्यांनी पट्टी सोडली. लेपाबरोबर कातडीचे पापुद्रे निघाले, उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसे, आणि खालून मान निघाली. ती गुळगुळीत होती, तकतकीत होती, आणि नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लाच्या रंगाची होती. रावजींनी तेवढं खरं सांगितलं होतं, जुनी कातडी गेली होती. सर्जेराव आरशापुढून हलेनात.

“मान विशीची झाली,” धोंडाबाई म्हणाल्या. “आता तोंड हाय पन्नाशीचं. दोगांत भांडान लागाय नगं.”

त्या आनंदात सर्जेरावांनी उरलीसुरली मंडळी जमवून उरलीसुरली बाटली फोडली. आता वाटी कशाला, देठ कशाला? सावळाराम आदल्या दिवसापासून शिंकत होता. त्यानं पळी घेतली, ओठ पुसले आणि ती सर्जेरावांच्या हाती दिली. सर्जेरावांनी कितीतरी आठवड्यांनी मान झोकात मागं टाकली आणि गटकन घोट घेतला.

खेळाच्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. आप्पा रंगपेटी उघडून बसले आणि बसूनच राहिले. मानेचा रंग तोंडाला जुळवायचा, एवढंच त्यांनी जन्मभर केलेलं. तोंडाचा रंग मानेला जुळवायचा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला. त्यांनी कुंकू कालवलं, सफेदा कालवला, आणि शेवटी सर्जेरावांचं तोंड सोललेल्या गाजरासारखं करून सोडलं.

“हात का कापतोय तुमचा?” आप्पांनी विचारलं.

“येवढ्या वर्सांनी पैल्यांदाच उन्हात हाय. हुरूप आलाय.”

हुरूप नव्हता. पहाटेपासून अंग ठणकत होतं, डोळ्यांपुढं हिमालय हलत होता. पण सांगितलं तर मुकुट भीमाच्या डोक्यावर जाणार. सर्जेरावांनी सांगितलं नाही. पहिल्या अंकात लीलाबाईनं गळ्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

“अंग भाजतंय तुमचं,” ती ओठ न हलवता म्हणाली.

“राजपुत्र हाय मी,” सर्जेराव पुटपुटले. “रगात गरम आसतंय.”

तिसऱ्या अंकात ते भाषण येतं. प्रधान तलवार उगारतो, राजपुत्र पुढं होतो आणि छाती काढून म्हणतो, “दुष्टा, ही मान तुटेल, पण वाकणार नाही.” दरसाल या वाक्याला टाळी पडे. बायका डोळे पुसत. सर्जेराव पुढं आले. घामानं रंग ओघळला होता, खालून पन्नाशी डोकावत होती, आणि उन्हात ती गुलाबी मान एकटीच चकाकत होती. त्यांनी हात वर केला.

“दुष्टा,” ते म्हणाले, “ही मान...”

आणि त्यांनी मान टाकली. हनुवटी छातीवर आली, मुकुट घरंगळत प्रधानाच्या पायाशी गेला, गुडघे वाकले. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. त्यातून सावळारामचा सर्दीनं चोंदलेला आवाज आला, “राजपुत्राला मानमोडी झाली रं.”

लोक हसायला लागले. तेवढ्यात भीमानं भाला टाकला आणि पुढं झेप घेऊन तात्यांना कोसळायच्या आत झेललं. एका हातानं त्यांना कवेत धरलं, दुसऱ्या हातानं त्यांची हनुवटी वर केली आणि आवाज घुमवून म्हणाला, “ही मान तुटेल, पण वाकणार नाही.”

अशी टाळी कोऱ्हाळ्यात पूर्वी पडली नव्हती. अर्धवट शुद्धीतल्या सर्जेरावांच्या कानावर ती पडली आणि ती आपल्यासाठीच आहे असं समजून त्यांनी भीमाच्या कवेतूनच हात जोडले. त्यांना उचलून आत नेलं. भीमानं मुकुट घातला आणि भालदाराच्या अंगरख्यातच उरलेला खेळ पार पाडला. लीलाबाईनं गळ्यात हात टाकले, पण या वेळी चाचपलं नाही. प्रेक्षक फार दयाळू असतो आणि फार विसराळू. खेळ सुटेपर्यंत निम्म्या गावाला राजपुत्र पहिल्यापासून भीमाच होता असं वाटू लागलं होतं.

सर्जेराव तापात पडून राहिले. धोंडाबाईंनी डबीतला उरलेला लेप बैलाच्या सोलपाटल्या मानेला लावला. बैलाला मात्र गुण आला. सर्जेरावांना तांदळाच्या पेजेचे घोट त्या निराळ्या वाटीतून भरवत होत्या आणि ती वाटी राखेनं घासून निराळी ठेवत होत्या. इंदापूरहून येणारा एक जण सांगत आला की रावजींचं टेबल बरेच बाजार लागलं नाही, त्यांनाही फ्लूनं गाठलं. आता उठलेत, पण गाल असे बसलेत की ‘नंतर’चा फोटो झाकून ठेवावा लागतो. थोरले बंधू ठणठणीत आहेत.

विसर्जनानंतर एका दुपारी आप्पा आणि भीमा घरी आले. सर्जेराव उशीला टेकून बसले होते. उन्हानं नवी कातडी करपली होती, पुन्हा जुन्या रंगावर आली होती, आणि हनुवटीखाली पहिली घडी पडायला लागली होती. भीमानं मुकुट त्यांच्या अंथरुणावर ठेवला आणि पाय शिवले.

“तुमचा हाय, तात्या. मी त्या दिवशी नुस्ता संभाळला.”

पुढच्या साली राजपुत्र कोण, हे आप्पांना विचारायचं होतं आणि विचारायची लाज वाटत होती. धोंडाबाई दारात वाटी घेऊन उभ्या राहिल्या. सर्जेरावांनी मुकुट हातात घेतला, त्याचा निघालेला बेगड अंगठ्यानं दाबून बसवला. मग हात आपोआप मानेकडं गेला, तिथं थोडा वेळ राहिला, आणि खाली आला. त्यांनी मुकुट भीमाच्या डोक्यावर ठेवला, जरासा तिरका, जसा ते स्वतः ठेवत आले होते तसाच.

“ऱ्हाऊ दे तुलाच,” ते म्हणाले. मग आप्पांकडं वळले. “पर आप्पा, तुमचं आता वय झालं. म्होरल्या सालापासनं राजाचं काम मला द्या. राजाला दाढी आसती.”